मळलेल्या रणगाड्याला तीन गुण

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका शालेय हस्तकला प्रदर्शनाची बातमी फोटोसह आली होती. पहिलं बक्षीस मिळालेला रणगाडा फोटोत पुढे आहे. हिरवागार, गुळगुळीत, नुकताच शोरूममधून आणल्यासारखा. त्याच्या मागे, टेबलाच्या कडेला, आणखी एक रणगाडा अर्धाच दिसतो. खालून चिखलाने माखलेला, वरून धुळकट. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाने केला आहे. त्याच्या कार्डावर परीक्षकांनी लाल शाईने लिहिलं, ‘रंगकाम अस्वच्छ, नीटनेटकेपणा नाही’, आणि दहापैकी तीन गुण दिले.

बक्षिसाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या मुलाला ते मिळालं त्यानेही मेहनत केली असणार आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. मी लिहायला बसलो तो ‘अस्वच्छ’ या एका शब्दामुळे. तो चिखल रणगाड्यावर सांडलेला नव्हता. चार महिने डोकं लावून, दोनदा खरवडून काढून, तिसऱ्यांदा बसवलेला होता. शाळेचं नाव मी लिहीत नाही आणि माझंही छापू नये ही विनंती. पोराला त्या शाळेत अजून दोन वर्षं काढायची आहेत.

मी ३१ वर्षं गोव्यात बार्ज दुरुस्तीच्या यार्डात रंगारी होतो. खनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, मांडवी-जुवारी नद्यांतून मुरगाव बंदराकडे जायच्या आणि डागडुजीची वेळ आली की आमच्या यार्डात वर चढायच्या. चिपिंग हातोडीने गंजाच्या खपल्या पाडायच्या, तारेच्या ब्रशाने पत्रा उघडा करायचा, रेड ऑक्साइडचा हात मारायचा, तो सुकला की वरचा रंग. गंज काढण्यातच माझी नोकरी गेली. त्यामुळे गंज कुठे धरतो, कुठून ओघळतो, कुठल्या पत्र्यावर किती दिवसांत कसला रंग घेतो हे मला डोळे मिटूनही सांगता येतं. मॉडेल करणारे लोक गंजाच्या, झिजेच्या, चिखलाच्या अशा खुणा मुद्दाम रंगवण्याला वेदरिंग म्हणतात. आमच्या यार्डात याला वेगळं नाव नव्हतं. खारा वारा आणि पाऊस ते काम आपोआप करायचे, आणि आम्ही ते पुसायचो.

पोराचा बाप तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी आहे. बोटीवरून येताना तो प्लास्टिकच्या रणगाड्यांचे किट आणतो. पोरगा नववीत. तो आणि त्याचे चार मित्र रविवारी दुपारी माझ्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरून जुन्या लढाया लढतात. हा खेळ नुसता ठो ठो करायचा नाही. मोजपट्टीने अंतर मोजायचं, मधे झाड किंवा घर आलं तर समोरचा दिसतो का हे दोऱ्याने बघायचं, फासे टाकायचे, आणि गोळा रणगाड्याच्या पुढच्या जाड पत्र्यावर बसला की बाजूच्या पातळ पत्र्यावर, यावरून काय झालं ते ठरवायचं. प्रशियाच्या सैन्यात १८२४च्या सुमारास अधिकाऱ्यांना शिकवायला असाच नकाशावरचा खेळ सुरू झाला, तिथून याचा वंश चालत आला. आमची पोरं सध्या १९६५च्या भारत-पाक युद्धातली असल उत्तरची लढाई लढतात. तिथे दोन्ही बाजूंचे रणगाडे लागतात, म्हणून याने पाकिस्तानचा पॅटन रणगाडा करायला घेतला. ‘शत्रूचा कशाला केलास?’ असंही प्रदर्शनात एका बाईंनी त्याला विचारलं म्हणे. एकाच बाजूचे रणगाडे टेबलावर ठेवले तर लढाई कशी समजणार?

जूनमध्ये पहिल्यांदा त्याने मला तो पॅटन दाखवला तेव्हा त्यावर नारिंगी गंज होता. सगळीकडे. तोफ बसवलेल्या वरच्या घुमटावर, तोफेच्या नळीवर, चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांवर. त्याने कुठलीशी चित्रं बघून केलं होतं. मी विचारलं, ‘हा रणगाडा किती वर्षं रानात पडून आहे?’ तो म्हणाला, ‘पडून नाही आजो, हा लढतोय.’

मग मी त्याला नदीवर नेलं. २०१२ साली खाणकाम बंद झालं तेव्हा कित्येक बार्जी नदीत नांगरून राहिल्या, आणि त्या काळात गंज मी जितका नीट बघितला तितका नोकरीत कधी बघितला नव्हता. आता आमच्या वाड्याजवळच्या धक्क्यावर दोन साखळ्या आहेत. एक रोज वापरातली होडीची. तिचे दुवे घासून घासून चंदेरी झालेत, फक्त खाचेत काळपट तपकिरी आहे. दुसरी जुनी, कुणी न हलवलेली. ती वरून नारिंगी, आत चॉकलेटी, आणि हात लावला की काळी खपली हातात येते. पोराने दोन्हींवरून बोट फिरवलं. ताजा गंज नारिंगी असतो आणि बोटाला लागतो, मुरलेला गंज गडद असतो आणि बोटाला टोचतो, एवढं त्याला तिथेच कळलं. चालत्या रणगाड्याचे पट्टे त्या पहिल्या साखळीसारखे असणार. आणि घुमटाचा जाड पोलादी पत्रा काही महिन्यांच्या मोहिमेत नारिंगी होत नाही. रंग उडाला तर तिथे काळसर डाग दिसतो, बस. नारिंगी गंज शोधायचा तर पातळ पत्र्यावर आणि जिथे रंग जळून जातो तिथे, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या जाळ्यांपाशी आणि सायलेन्सरवर.

एक गोष्ट मात्र पोराने मला शिकवली. साखळीचं बघून मी म्हटलं होतं की पट्ट्यांचा जमिनीवर घासणारा भाग चंदेरी कर. त्याने वाचून काढलं की पॅटनच्या पट्ट्यांवर रबराचे ठोकळे असतात. रबर चकाकत नाही. त्यामुळे पॅटनवर चंदेरी हात फिरवायचा तो पट्ट्याच्या कडेच्या जोडांवर आणि आतल्या दातांवर, जिथे लोखंड चाकाला घासतं. समोरच्या बाजूला आपला सेंच्युरियन रणगाडा होता, त्याचे पट्टे सबंध मँगनीज पोलादाचे, ते खालून लख्ख होतात. एकाच टेबलावर, एकाच चिखलात चाललेले दोन रणगाडे, आणि दोघांचे पट्टे दोन तऱ्हेने झिजलेले. परीक्षकांनी एवढं एक विचारलं असतं तर पोरगा पंधरा मिनिटं बोलला असता.

चिखलाबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण गुण गेले ते चिखलात.

असल उत्तरची लढाई ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत पंजाबात खेमकरणजवळ झाली. पाकिस्तानचा पहिला चिलखती डिव्हिजन पॅटन घेऊन पुढे आला. आपल्या बाजूला चौथा माउंटन डिव्हिजन, आणि रणगाड्यांत ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि ८ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स. आपलं सैन्य मागे सरून घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसलं, उसाची उभी शेतं आडोशाला होती, आणि कालवे फोडून पुढची शेतं भिजवून टाकलेली. ४५ टनांच्या पुढचे पॅटन त्या भिजल्या शेतात रुतले. आपल्या सैन्याच्या आकड्याप्रमाणे पाकिस्तानने तिथे ९७ रणगाडे गमावले, आणि पकडलेले पॅटन भिखीविंडला ओळीने उभे केले, त्या जागेला पॅटननगर म्हणायला लागले. म्हणजे ज्या लढाईचा निकाल पाण्याने आणि मातीने अर्धा लावला, त्या लढाईतला रणगाडा हा. तो स्वच्छ ठेवला असता तर मुलाने लढाईच पुसून टाकली असती.

पहिल्यांदा त्याने अंगणातली तांबडी माती गोंदात कालवून लावली. आपल्याला चिखल म्हटला की तांबडाच दिसतो, जन्मापासून तोच पायाला लागलेला. मी बऱ्याच वर्षांपूर्वी यात्रेला अमृतसरला गेलो होतो, तिथून चपलांवर जी धूळ आली ती राखेसारखी फिकट होती. गाळाची जमीन ती. तांबडी माती खेमकरणला कुठून येणार? सगळं कोमट पाण्याने आणि जुन्या दातब्रशाने धुऊन काढलं.

दुसऱ्यांदा चूक माझी. मला वाटलं, खाजनातला, म्हणजे बांध घालून कसलेल्या खाडीकाठच्या शेतातला चिखल करडा असतो, तो चालेल. शिवाय खाजनात पाणी शेतात कसं शिरतं हे पोराला दाखवायचं होतंच. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची फळी वर केली की भरतीचं पाणी कसं आत येतं, बांध फुटला तर एका रात्रीत शेताचं तळं कसं होतं, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक आहे. मानशीपाशी उभं राहून त्याला म्हटलं, ‘पंजाबात त्यांनी कालव्याच्या बाबतीत हेच केलं.’ त्याच्या चेहऱ्यावर लढाई पहिल्यांदा उमटली ती तिथे. चिखल घरी आणला, वाळवला, माझ्या पत्नीच्या जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळला आणि लावला. दिसायला सुंदर. आठ दिवसांनी पाऊस धरला आणि चिखलातून पांढरं मीठ वर आलं, पट्ट्यांच्या खालून बुरशी धरली. खाजनाच्या मातीत समुद्र आहे हे मी विसरलो होतो. ३१ वर्षं खाऱ्या पाण्याशी झुंजलेल्या माणसाने हे विसरायला नको होतं.

तिसऱ्यांदा मातीच वापरली नाही. प्लास्टर, थोडी खडूची पूड, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग आणि पिवळसर करडा ॲक्रिलिक रंग. या टप्प्यावर आम्ही कागदावर हिशेब केला आणि मला वाटतं ही या कामातली सर्वात मोठी गोष्ट आहे. मॉडेल १/७२ प्रमाणात आहे. म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर हा खऱ्या रणगाड्यावरचा सात सेंटिमीटर. वाळूचा एक जाडसर कण त्या रणगाड्यासाठी मुठीएवढा दगड. ब्रश सटकून आलेला अर्ध्या सेंटिमीटरचा ओरखडा म्हणजे फूटभर लांबीची चीर. आगरातलं जाडं मीठ शिंपडून रंगाचे पोपडे दाखवायची एक रीत आहे: ओल्या पत्र्यावर मीठ चिकटवायचं, वरून रंग फवारायचा, सुकल्यावर मीठ झटकलं की खालचा रंग डागाडागांनी उघडा पडतो. तेही मीठ आम्ही खलबत्त्यात कुटून रव्याहून बारीक केलं, नाहीतर प्रत्येक डाग पानाच्या डब्याएवढा दिसला असता. नववीतल्या मुलाला गुणोत्तर आणि प्रमाण पुस्तकातून कितपत कळतं ते मला माहीत नाही. याला ते चिखलातून कळलं.

मग चिखल बसवला तो थरांनी. चाकांच्या मधे आणि पोटाखाली जाड. पट्टे वर फिरताना माती जिथे फेकतात त्या मडगार्डच्या आतल्या बाजूला शिंतोडे, ते टूथब्रशाच्या केसांवरून नखाने उडवून. वरच्या अंगावर चिखल जवळजवळ नाही, फक्त धूळ. तिथे एवढ्याच खुणा: जवान पुढच्या मडगार्डवरून चढून झाकणापाशी जातात, त्या वाटेवर बुटांचे ठसे. १/७२मध्ये बूट चार मिलिमीटरचा. पोराने ते टूथपिकच्या टोकाने एकेक करून काढले, चढणारा माणूस उजवा पाय आधी कुठे टेकेल हे स्वतः माझ्या अंगणातल्या दगडी पायरीवर चढून बघून. खालचा चिखल ओला, मधला ओलसर, वरचा सुकून फिकट झालेला, असे तीन रंग. ओला दाखवायला शेवटी त्यावर चकचकीत वार्निशचा बारीक हात. प्रदर्शनात एका परीक्षकाने नेमकं तिथे बोट लावलं आणि म्हणाले, ‘रंग ओला राहिलाय.’ पोरगा गप्प राहिला.

पाहुण्यासमोर तोंड उघडायची सवय आमच्या मुलांना नाही, हे खरं आहे. पण विचारण्याची जबाबदारी मोठ्यांची.

सुबक रंगाच्या बाजूनेही एक शब्द लिहितो, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. वेदरिंगच्या नावाखाली रंगाचं वाईट काम झाकणारेही असतात. डाग पडला, टाका वर चिखल. म्हणून आमच्या पोराला मी आधी तो पॅटन पूर्ण स्वच्छ रंगवायला लावला होता. ऑलिव्ह ड्रॅब या लष्करी हिरव्या रंगात थोडा फिकट पिवळा मिसळून, कारण लहान वस्तूवर खरा रंग काळपट दिसतो. पातळ रंगाचे चार हात, प्रत्येकानंतर एक रात्र थांबून. मग त्यावर चकचकीत वार्निश, मग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला तपकिरी तेलरंग रिव्हेटच्या आणि झाकणांच्या कडेला ब्रशाच्या टोकाने टेकवायचा. तो आपोआप कडेकडेने धावत जातो, समईत तेल वातीतून वर चढतं तसा. खालचा रंग ॲक्रिलिक, वरचा तेलाचा, म्हणून टर्पेंटाइनने खालचा विरघळत नाही आणि चुकलं तर पुसता येतं. एवढं सगळं चोख झाल्यावर मग त्यावर घाण करायची. ती घाण काढली तर खाली पहिल्या बक्षिसाच्या तोडीचा स्वच्छ रणगाडा आहे, हे मी रंगारी म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो.

जुलैत आणखी एक संकट आलं. मॅट वार्निशची स्प्रे बाटली आणली होती. संध्याकाळी पाऊस उघडला म्हणून पोराने गडबडीत पडवीत फवारली आणि दहा मिनिटांत सबंध रणगाडा दुधाळ पांढरा झाला. पोरगा रडवेला. यार्डात हे मी पन्नास वेळा बघितलं होतं. वार्निशमधलं द्रावक भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि आपल्या पावसाळी हवेतलं बाष्प त्या ओल्या थरावर बसतं. म्हणून जाणता रंगारी जुलैत संध्याकाळी फवारणी करत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन पडल्यावर, चकचकीत वार्निशचा एक पातळ हात दिला, बराचसा पांढरेपणा गेला. उरलेला होता तो पोराने धुळीत जिरवला. आता त्याने पडवीच्या भिंतीवर आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ लावलंय आणि वहीत रोज आकडा टिपतो. गोव्यात या छंदाला हात घालणाऱ्या कुणाही मुलाला माझं सांगणं आहे: फवारणीचं काम ऑक्टोबरनंतर ठेवा. आणि ते घाईचं असेलच तर दुपारचं ऊन बघून, रणगाडा आधी कोमट करून.

परीक्षकांची बाजूही मला समजते. आपण खरे रणगाडे बघतो ते चौकात नाहीतर संग्रहालयात. दोन वर्षांपूर्वी आम्ही नगरला गेलो होतो, तिथलं १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम बघायला. जगभरचे रणगाडे एका आवारात, झाडांच्या सावलीत, एकेकाजवळ जाऊन बघता येतात. पोरगा दिवसभर जेवला नाही. पण तिथले रणगाडे जपलेले, देखण्या रंगाचे. रंगाऱ्याच्या डोळ्याला लगेच दिसतं की एकावर एक हात बसून बोल्टच्या कडा बुजल्या आहेत. जपायचं तर तसंच करावं लागतं, आमच्या बार्जींचंही तेच. पण ते बघून आपल्याला वाटायला लागतं की रणगाडा मुळातच असा चकचकीत असतो. परेडमधला रणगाडा आणि तीन दिवस उसात लढलेला रणगाडा यांत तेवढाच फरक, जेवढा चतुर्थीला आणलेल्या कपड्यांत आणि लावणीच्या वेळच्या कपड्यांत.

आमच्या टेबलावर एक जीपही होती, कुणी बघितली नाही. साडेचार सेंटिमीटरची, मागे लांब नळीची रिकॉइललेस, म्हणजे डागताना मागे धक्का न देणारी तोफ. ४ ग्रेनेडियर्स या पलटणीचे अब्दुल हमीद अशाच जीपवरून उसाच्या आडोशाने पॅटन टिपत होते, १० सप्टेंबरला ते कामी आले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या जीपवर पोराने चमक अशी कुठेच ठेवली नाही. काचही चौकटीसकट बॉनेटवर पाडलेली, कारण उसातून एक उन्हाची तिरीप काचेवर पडली तर समोरच्याला जीप दिसणार. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रंगवता रंगवता त्याच्या मनात आलं की हा माणूस लपून बसला आहे.

लढाईचा खेळ मुलांच्या हातात देऊ नये असं म्हणणारे लोक मला भेटतात, आणि त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकतो. मी एवढंच बघितलं आहे की स्वच्छ रणगाडा हातात असताना ही पोरं त्याला खेळण्यासारखी टेबलावर आपटायची. बुटांचे ठसे काढल्यापासून ती त्याला दोन बोटांनी उचलतात.

संपादक महोदय, शाळांच्या प्रदर्शनांना आपलं दैनिक चांगली जागा देतं, म्हणून आपल्यामार्फत परीक्षकांना एक विनंती करतो. गुण लिहिण्याआधी मुलाला विचारा, ‘हा डाग इथे का?’ उत्तर आलं नाही तर खुशाल कापा. उत्तर आलं तर ते उभ्या उभ्या ऐका. मुलांच्या मॉडेलशेजारी एक पानभर टिपणही मांडू द्या: कुठली लढाई, कुठला महिना, कुठली माती. यंदाच्या नियमांत नुसती नावाची चिठ्ठी चालत होती, त्यामुळे आमच्या पोराची सतरा पानांची वही पिशवीतच राहिली.

प्रदर्शनानंतर चार दिवस त्याने ब्रशाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी येऊन विचारलं, ‘आजो, एकसष्टला बेतीला रणगाडे आले तेव्हा चिखल होता की धूळ?’ आपल्याच गोवामुक्तीची गोष्ट. १८ डिसेंबर १९६१ला भारतीय सैन्याची एक फळी थिवीमार्गे खाली उतरली, आणि संध्याकाळी ७ कॅव्हलरीचे हलके रणगाडे बेतीला मांडवीच्या काठावर येऊन थांबले. पलीकडे पणजी. त्याच पथकाचे मेजर सिधू आग्वादच्या किल्ल्यापाशी कामी आले. डिसेंबर म्हणजे पाऊस जाऊन दोन महिने झालेले, रस्ते कोरडे, त्यामुळे धूळ. आणि या वेळी मात्र आपली तांबडीच. पण पोर्तुगीजांनी अस्नोड्याचा पूल उडवला होता, तेव्हा पात्रात उतरून जावं लागलेल्या रणगाड्याच्या पोटाखाली थोडा ओला चिखलही लागलेला असू शकतो. तेवढ्यासाठी आम्ही गेल्या रविवारी बसने अस्नोड्याला जाऊन आलो. काठावरची आणि रस्त्याकडेची माती दोन वेगळ्या पुड्यांत बांधून आणली. लावायला नाही, रंग जुळवायला.

दोन रणगाडे करायचे ठरले आहेत, एकामागोमाग एक चाललेले. पुढच्याच्या तोंडावर धूळ कमी येणार, मागचा त्याच्या धुळीत चालणार, म्हणून मागचा पुढून जास्त तांबडा. पुढचा रंगवून झाला आहे. मागच्याचं प्रायमर काल रात्री सुकलं.

आपला नम्र,
एक निवृत्त रंगारी
तिसवाडी